सासूबाईंच्या नावाने आलेलं ते पत्र

"ताई, आम्ही पेन्सिल्व्हेनियात राहतो, फिलाडेल्फियापासून तासाभरावर. सासूबाई (वय ६९) सहा वर्षं आमच्याकडेच आहेत, ग्रीनकार्ड आहे. गेल्या महिन्यात कुशीत दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या सेंटरमध्ये पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितला, स्टोन असेल म्हणून. रात्री अकरा वाजता पोर्टलवर, म्हणजे पेशंटच्या ऑनलाइन खात्यावर, रिपोर्ट आला (त्यांचं पोर्टल मीच बघते, त्यांच्याच पासवर्डने). स्टोन लहान आहे, पण खाली लिहिलंय की उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी ९ मिमीचा नोड्यूल (लहानशी गाठ) आहे, फॉलो-अप करावा. मी गूगल केलं आणि झोप उडाली. परवा सेंटरकडून टपालाने पत्र आलं, पुढील चर्चेची गरज आहे, लवकरात लवकर डॉक्टरांशी बोला एवढंच, काय झालंय ते कुठेच नाही. रिपोर्टला बारा दिवस झाले, डॉक्टरांचा फोन नाही, फ्रंट डेस्कवाली म्हणते डॉक्टर बघतील तेव्हा कळवतील. नवरा म्हणतो आईला आत्ता काही सांगायचं नाही, पक्कं कळू दे. पत्र माझ्या पर्समध्ये आहे. सासूबाई रोज विचारतात रिपोर्ट आला का, मी म्हणते नाही आला. कायद्याने डॉक्टरांनीच सांगायला नको का? सेंटर असं घाबरवणारं पत्र पाठवू शकतं का? आणि आमचं चुकतंय का? ता.क. माझ्याही मॅमोग्रामचं (स्तनांच्या एक्स-रेचं) पत्र आलंय, डेन्स वगैरे आणि आणखी इमेजिंग हवं असं काहीतरी, ते नंतर बघेन, सध्या त्यांचंच टेन्शन आहे."

अगं, तो ता.क. तू शेवटी घाईघाईत टाकलायस पण मी त्याच्यावर येणार आहे, तेव्हा मॅमोग्रामचं पत्र ड्रॉवरमधून काढून जवळ ठेव. आधी सासूबाईंचं.

मी डॉक्टर नाही, हे पहिल्यांदाच सांगते. पण चौदा वर्षं एका इमेजिंग सेंटरच्या फ्रंट डेस्कवर काढलीत, आणि तुझ्या पर्समध्ये जे पत्र आहे ना तसली पत्रं मी शेकड्याने छापून पाकिटात घातलीत, फोन करून रडणाऱ्या बायकांशी बोललेय, "मला कॅन्सर आहे का एवढंच सांगा" म्हणणारे आजोबा लाइनवर धरून ठेवलेत. त्यामुळे त्या पत्राचं काय करायचं हे मला बरंच माहितीये.

तर ते पत्र सेंटरने आपल्या मनाने पाठवलेलं नाही, पेन्सिल्व्हेनियाचा कायदा आहे तसा. २०१८ चा ऍक्ट ११२, बक्स काउंटीच्या प्रतिनिधी मार्गरिट क्विन यांनी राज्याच्या विधिमंडळात आणलेलं बिल, ऑक्टोबर २०१८ मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी सही केली आणि त्याच डिसेंबरात लागू झाला. म्हणणं साधं आहे. स्कॅन वाचणाऱ्याला महत्त्वाचं काही वावगं वाटलं तर त्याने रिपोर्ट डॉक्टरकडे पाठवायचाच, पण पेशंटलाही थेट कळवायचं, डॉक्टरला रिपोर्ट पाठवल्यापासून २० दिवसांच्या आत. टपालाने, ईमेलने, पोर्टलच्या अलर्टने, कसंही. तुमचं पत्र दहाव्या दिवशी आलं म्हणजे सेंटर वेळेत आहे, त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

आणि त्या पत्रात काय झालंय ते का लिहिलेलं नाही, तर कायद्याने सेंटरकडून तेवढंच मागितलंय. ऑर्डर करणाऱ्या डॉक्टरचं नाव, स्कॅनची तारीख, रिपोर्ट डॉक्टरकडे कधी गेला ती तारीख, पूर्ण रिपोर्ट हवा असेल तर कुठून आणि कसा मिळवायचा, आणि एक ठरलेला परिच्छेद. तो परिच्छेद कायद्यातच जसाच्या तसा लिहिलेला आहे, तुम्हाला आला तोच शेजारच्या घरीही येईल. त्यात सेंटरमधल्या कुणी तुमच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघून "अरेरे" म्हणून शब्द निवडलेले नाहीत. लोक त्या वाक्यांचा काथ्याकूट करतात, "लवकरात लवकर" लिहिलंय म्हणजे काहीतरी भयंकर असणार वगैरे. नाही गं, सगळ्यांनाच तसं लिहितात.

"महत्त्वाचं वावगं" म्हणजे काय याचीही व्याख्या कायद्यात आहे, की असं काहीतरी ज्याच्यासाठी कुठलाही समजूतदार माणूस तीन महिन्यांच्या आत पुढची तपासणी किंवा उपचार करून घेईल. आता बघ, ही व्याख्या किती ऐसपैस आहे. त्यात गंभीर गोष्टी येतात आणि "बहुतेक काही नाही पण एकदा परत बघू" हेही येतं. सुरुवातीला रेडिओलॉजिस्ट लोकांची हीच तक्रार होती, नक्की कुठे रेघ मारायची, आणि मग बरीच सेंटर्स नको ती जोखीम म्हणून सढळ हाताने पत्रं पाठवतात. पत्र आलं यातून कॅन्सर आहे असंही निघत नाही आणि नाही असंही निघत नाही. तीन महिन्यांच्या आत काहीतरी करायचंय, एवढंच निघतं.

मग डॉक्टरांनी सांगायला नको का? हवं, माणुसकीने हवं, चांगल्या प्रॅक्टिसमध्ये सांगतातही. पण या कायद्याचं बंधन स्कॅन करणाऱ्यावर आहे, ऑर्डर करणाऱ्या डॉक्टरने अमुक दिवसांत फोन करावा अशी मुदत त्यात नाही. आणि खरं सांगू, हा कायदा आलाच मुळी त्यामुळे. रिपोर्ट जातो डॉक्टरच्या इनबॉक्सात, तिथे त्या दिवशी आणखी दोनशे गोष्टी आलेल्या असतात, डॉक्टर सुट्टीवर असतात, किंवा प्रॅक्टिस सोडून गेलेले असतात, किंवा स्टोनसाठी ऑर्डर केलेला स्कॅन म्हणून वरची ओळ वाचतात, स्टोन लहान आहे, ठीक, आणि खालची फुफ्फुसाची ओळ राहून जाते. मी हे बघितलंय. कुणी वाईट नसतं त्यात. पण राहतं ते राहतंच.

रात्री अकरा वाजता पोर्टलवर आलं त्याचं कारण वेगळं, ते राज्याच्या नाही केंद्राच्या कायद्यामुळे. २०१६ चा क्युअर्स ऍक्ट, त्याचे नियम ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, पेशंटची माहिती विनाकारण अडवून ठेवायची नाही, आणि त्यात इमेजिंगचे रिपोर्टही आले. त्यामुळे रेडिओलॉजिस्टने सही केली की बहुतेक ठिकाणी रिपोर्ट आपोआप पोर्टलवर पडतो, मग रात्रीचे अकरा असोत की थँक्सगिव्हिंग असो. तू वाचलास तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तो उघडलाही नसेल. हे बरोबर की चूक यावर खूप वाद आहेत, केंटकीसारख्या राज्याने तर कॅन्सर दाखवण्याची शक्यता असलेले रिपोर्ट ७२ तास थांबवून मग पोर्टलवर टाकायचे असा कायदा केलाय. पण गंमत म्हणजे पेशंटना विचारलं तर ते तात्काळच हवं म्हणतात. २०२३ मध्ये चार मोठ्या मेडिकल सेंटर्सच्या आठ हजारांवर लोकांचा सर्व्हे छापून आला होता, त्यात जवळजवळ ९६ टक्के लोक म्हणाले की डॉक्टरांच्या आधी कळलं तरी चालेल पण लगेच द्या. मी स्वतः त्या ९६ टक्क्यांतली, फक्त रात्री नऊनंतर पोर्टल उघडायचं नाही असा माझा नियम आहे. रात्री कुणी फोन उचलत नाही, गूगल तेवढं जागं असतं.

आता नोड्यूल. पोटाच्या सीटीत फुफ्फुसाचा खालचा थोडा भाग आपसूक येतोच, म्हणून तो दिसला, शोधायला कुणी गेलं नव्हतं. असे नोड्यूल खूप लोकांत सापडतात आणि बहुतेक कॅन्सरचे नसतात. आपल्याकडे वाढलेल्या माणसांच्या फुफ्फुसात जुन्या टीबीच्या संसर्गाचे, कधी स्वतःला पत्ताही नसतो, असे बरे झालेले व्रण सापडतात, तेही असेच दिसू शकतात. पण ९ मिमी हा आकडा मी हसण्यावारी नेणार नाही. रेडिओलॉजीवाले फ्लायश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंगच्या तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वापरतात आणि त्यात ८ मिमीच्या वरचा एकटा भरीव नोड्यूल असेल तर तीन महिन्यांनी परत सीटी किंवा पेट स्कॅन (PET, पेशी किती सक्रिय आहेत ते दाखवणारा स्कॅन) किंवा बायॉप्सी यांचा विचार करा असं आहे. म्हणजे आज रात्री इमर्जन्सीत पळायचं कारण नाही आणि दिवाळीनंतर बघू असंही नाही. नक्की काय करायचं ते डॉक्टर सांगतील, पण त्यांनी सांगायला तर हवं.

एक काम मात्र आजच कर. सासूबाईंचा भारतात कधी छातीचा किंवा पोटाचा सीटी झाला होता का ते विचार. त्या मोठ्या पिवळट पाकिटातल्या फिल्मा, सीडी, रिपोर्टचा कागद, कुणाच्या तरी कपाटावर असतंच. कारण जुन्या फोटोत हाच ठिपका होता आणि दोन वर्षांत वाढलेला नाही असं दिसलं तर भरीव नोड्यूलच्या बाबतीत सगळं चित्रच बदलतं, कधीकधी पुढचे स्कॅनच टळतात. रेडिओलॉजिस्टला जुना फोटो मिळणं म्हणजे पर्वणी असते. नागपूरच्या की सांगलीच्या की जिथल्या असतील त्या दिरांना व्हॉट्सऍप कर, कपाट उघडून बघा म्हणून. मोबाइलने काढलेला फिल्मचा फोटो फारसा उपयोगी नाही, सीडी किंवा मूळ फाइल हवी.

फोन कसा करायचा ते सांगते, कारण फोनच्या पलीकडे मी बसलेली आहे. "रिपोर्ट आला का" असं विचारलं की आम्ही स्क्रीनवर बघतो, आलाय पण डॉक्टरांनी रिव्ह्यू केलेला नाही असं दिसतं, मग आमचं ठरलेलं वाक्य, डॉक्टर बघतील तेव्हा कळवतील. त्याऐवजी म्हण, आमच्याकडे ऍक्ट ११२ चं पत्र आलंय, अमुक तारखेच्या सीटीचं, त्यात रिपोर्ट डॉक्टरांना अमुक तारखेला पाठवलाय असं लिहिलंय, रिपोर्टात ९ मिमीच्या नोड्यूलचा फॉलो-अप सांगितलाय, तर डॉक्टरांनी तो पाहिलाय का आणि पुढचा स्कॅन कोण ऑर्डर करणार आणि कधीपर्यंत. तारखा ऐकल्या की फ्रंट डेस्कवालीचा हात आपोआप कीबोर्डकडे जातो, हे मी स्वतःवरून सांगते. हेच पोर्टलवर मेसेज म्हणूनही टाक, कारण फोन हवेत विरतो, मेसेजला तारीख राहते. दोन कामाचे दिवस गेले आणि काही नाही, तर प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलायचंय म्हण. आणि तरीही नाही, तर त्या डॉक्टरांसाठी अडून बसू नका, सेंटरकडून पूर्ण रिपोर्ट आणि फोटोंची सीडी घ्या (हिपा या पेशंटच्या माहितीबद्दलच्या केंद्रीय कायद्याखाली तो पेशंटचा हक्क आहे, ३० दिवसांत द्यावं लागतं, बहुतेक सेंटर्स त्याच दिवशी देतात, आणि पैसे मागितलेच तर ते कॉपी काढण्याच्या खर्चापुरते) आणि दुसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट.

पण हा फोन करताना पलीकडून पहिला प्रश्न येणार, तुम्ही पेशंट का? आणि इथे तुझी खरी गोष्ट सुरू होते.

पत्र सासूबाईंच्या नावाने आलं, पोर्टल त्यांचं, रिपोर्ट त्यांचा, फुफ्फुस त्यांचं. आणि घरात ही गोष्ट माहीत नसलेली एकच व्यक्ती कोण, तर त्या. तुझा नवरा वाईट वागतोय असं मी अजिबात म्हणत नाहीये, आपल्याकडे हे असंच चालत आलंय, माझ्या वडिलांना शेवटपर्यंत "अल्सर आहे" सांगितलं होतं आम्ही, मीही त्यात होते, आणि ते सगळं ओळखून होते हे मला ते गेल्यावर आईने सांगितलं. म्हणजे ते आमच्यासाठी नाटक करत होते आणि आम्ही त्यांच्यासाठी. त्या महिन्यांत त्यांना कुणाशी तरी बोलावंसं वाटलं असेल आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती हसरे चेहरे करून बसलो होतो. असो.

तुझ्या सासूबाई रोज विचारतायत रिपोर्ट आला का. बारा दिवस रोज विचारणाऱ्या बाईला आधीच शंका आलेली असते गं. आणि कुणालाही काही सांगितलेलं नसताना त्यांचं काय काय करणार आहात तुम्ही? छातीचा सीटी लागला तर टेक्निशियन विचारणारच, कशासाठी आलात. पेट स्कॅन लागला तर काय सांगणार, स्टोन शोधतायत?

कायद्यात याची एक सोय आहे आणि ती मला फार आवडते. ऍक्ट ११२ मध्ये कळवायचं कुणाला, तर पेशंटला किंवा पेशंटने नेमलेल्या माणसाला. म्हणजे सासूबाई स्वतः म्हणू शकतात की माझे रिपोर्ट मुलाला कळवा, सुनेला कळवा, मला तपशील नकोत. माहिती नको असणं हाही माणसाचा हक्कच आहे आणि पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना तसंच हवं असतं. फक्त ते त्यांनी म्हणायचं. मुलाने परस्पर ठरवायचं आणि पत्र पर्समध्ये ठेवायचं, हे त्याच्यात बसत नाही. तुमचं चुकतंय का असं तू विचारलंस, तर हो, इथे चुकतंय, आणि मला वाटतं तुलाही ते माहितीये, नाहीतर पत्र पर्समध्ये आहे हे तू मला लिहिलं नसतंस.

सांगायचं कसं, तर मुलाने सांगावं, तू शेजारी बस. सकाळी, चहाच्या वेळी, रात्री नको. "आई, रिपोर्ट आलाय, स्टोन लहान आहे. फोटोच्या कडेला फुफ्फुसाचा थोडा भाग येतो, तिथे वाटाण्याएवढा एक ठिपका दिसलाय. बरेचदा ते काही नसतं, जुना डाग असतो, पण परत एकदा बघायला सांगितलंय. तुला सगळं आम्ही सांगत जाऊ की आम्हीच बघू, तुला कसं हवं?" एवढंच. मग गप्प बसायचं आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचं. आणि रिपोर्ट आधीच आला होता, आम्ही घाबरलो म्हणून बोललो नाही, हेही सांगून टाका, नाहीतर पोर्टलवरची तारीख कधीतरी त्यांच्या नजरेस पडेल.

मग त्यांच्याच संमतीने व्यवहार नीट करा. त्यांच्या पासवर्डने पोर्टलमध्ये शिरणं बंद, प्रॉक्सी ऍक्सेसचा फॉर्म असतो, त्यांनी सही केली की तुझ्याच लॉगिनमधून त्यांचं दिसतं. डॉक्टरांच्या ऑफिसात कुणाशी बोलायला परवानगी आहे त्याचा फॉर्म भरून ठेवा. आणि तोवर फोन करताना त्यांना शेजारी बसवून स्पीकरवर ठेव, त्यांनी नाव, जन्मतारीख आणि "माझ्या सुनेशी बोला" एवढं सांगितलं की चालतं, कागदाची वाट बघावी लागत नाही.

अपॉइंटमेंटला दुभाषी मागा. अफोर्डेबल केअर ऍक्टच्या कलम १५५७ खाली सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना, म्हणजे मेडिकेअर मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजना घेणारे जवळपास सगळेच, ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याला फुकट दुभाषी द्यावा लागतो, बहुतेक वेळा फोनवर किंवा स्क्रीनवर. बुकिंग करतानाच मराठी म्हणून सांग, नाहीतर इंडियन म्हटलं की हिंदी लावून देतात. मुलगा असताना दुभाषी कशाला असं तुझा नवरा म्हणेल. अगं, मुलगा असतो म्हणूनच. डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि मुलगा वळून म्हणतो "काही नाही गं आई, परत एक फोटो काढायचाय". हे भाषांतर मी इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याचा सूर पाठ आहे.

आणखी एक गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण ऍक्ट ११२ आहे म्हणून सगळे निर्धास्त राहतात. २०१८ च्या या कायद्यातून साधे एक्स-रे वगळले होते, गरोदरपणातल्या नेहमीच्या सोनोग्राफ्या वगळल्या होत्या आणि हॉस्पिटलात ऍडमिट असताना किंवा इमर्जन्सीत केलेले स्कॅनही. आता विचार करा, असे अनपेक्षित ठिपके सापडतात कुठे, तर इमर्जन्सीतच, कारण तिथे पोटात दुखलं की सीटी. माझा नवरा शिडीवरून पडला होता, इमर्जन्सीत नेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत सीटी झाला, बरगडीला तडा, बाकी ठीक, घरी जा. चौदा पानांचे डिस्चार्ज पेपर. अकराव्या पानावर बारीक अक्षरात थायरॉइडच्या गाठीचा सोनोग्राफीने फॉलो-अप करा अशी ओळ होती आणि ती कुणी तोंडाने सांगितली नाही, पत्र आलं नाही, आणि मी, जिचं पोट या कागदांवर चालायचं, मीसुद्धा ती पानं वाचली नव्हती. आठ महिन्यांनी वेगळ्याच कारणाने डॉक्टरांकडे गेलो तेव्हा निघालं. गाठ साधी निघाली, पण ते आमचं नशीब. तेव्हा इमर्जन्सीतून निघताना विचारायचं, रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात फॉलो-अप म्हणून काही लिहिलंय का, आणि मला रिपोर्टची प्रत द्या.

आता तुझा ता.क.

तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकत्र करून ड्रॉवरमध्ये टाकल्यास. डेन्सची ओळ ही माहिती आहे, ती देशभर सगळीकडे द्यावीच लागते. मॅमोग्रामचा केंद्रीय कायदा १९९२ चा आहे, एमक्यूएसए, बाकी कुठल्याही स्कॅनच्या कितीतरी आधी मॅमोग्रामचा निकाल बाईला सोप्या भाषेत, लेखी, ३० दिवसांच्या आत पाठवायची सक्ती त्याच्यामुळे आली. आणि १० सप्टेंबर २०२४ पासून एफडीएच्या, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, नव्या नियमाने त्या पत्रात तुमचं टिश्यू डेन्स आहे की नाही हेही लिहावंच लागतं. चाळिशीच्या पुढच्या जवळपास निम्म्या बायकांचं डेन्स असतं, हा आजार नाही, पण डेन्स टिश्यू मॅमोग्रामवर पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणून लपू शकते, शिवाय त्याने कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. ही ओळ पत्रात यावी म्हणून कनेक्टिकटच्या नॅन्सी कपेलो या बाई झगडल्या. वर्षानुवर्षं मॅमोग्राम नॉर्मल, आणि नॉर्मल म्हटल्यावर काही आठवड्यांतच पुढच्या स्टेजचा कॅन्सर निघाला, आणि डेन्सिटीची गोष्ट डॉक्टरांना माहीत होती, यांना कुणी सांगितली नव्हती. २००९ मध्ये कनेक्टिकटने देशातला पहिला असा कायदा केला, मग एकेक राज्य आलं, पेन्सिल्व्हेनिया २०१३ मध्ये, आणि शेवटी पूर्ण देश. त्या २०१८ मध्ये गेल्या, देशभरचा नियम त्यांना बघायला मिळाला नाही.

पण "आणखी इमेजिंग हवं" ही वेगळी गोष्ट आहे, ती सगळ्यांना छापून जात नाही. त्याचा अर्थ बहुतेक बायरॅड्स ० (मॅमोग्रामच्या निकालाला देतात ती ठरलेली श्रेणी), म्हणजे निकाल अपूर्ण, रेडिओलॉजिस्टला आहे त्या फोटोंवरून हो-नाही ठरवता आलेलं नाही, आणखी काही फोटो किंवा सोनोग्राफी हवी. स्क्रीनिंगला गेलेल्या दहातल्या साधारण एकीला असं परत बोलावतात आणि त्यातल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो. घाबरू नकोस, पण नंतर बघेन हे उत्तर नाही, कारण तुझा मॅमोग्राम अजून झालाच नाहीये असं धर, अर्धा झालाय. परत बोलावल्याच्या फोटोंचे पैसे लागतील म्हणून टाळत असशील तर इन्शुरन्सला फोन कर, २०२६ पासून सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षांत बहुतेक प्लॅन्सना स्क्रीनिंग पूर्ण करायला लागणारं हे जादाचं इमेजिंगही को-पे, म्हणजे पेशंटने भरायचा वाटा, न घेता द्यायचं आहे.

आणि तुला एक विचारते, राग मानू नकोस. हे पत्र आल्याचं तू नवऱ्याला सांगितलंयस का? म्हणजे त्या घरात दोन पत्रं लपवलेली आहेत की एक?

सेंटरची लाइन सोमवारी सकाळी उघडेल. सासूबाईंशी रविवारी बोलून घ्या. सोमवारी पहिला फोन त्यांच्या डॉक्टरांना, आणि तो ठेवलास की चहा ओतायच्या आधी दुसरा फोन मॅमोग्रामच्या सेंटरला, त्यांना सांग परत बोलावल्याचं पत्र आलंय, डायग्नॉस्टिक मॅमोग्रामची (म्हणजे त्या जादाच्या फोटोंची) तारीख हवी, आणि कुणी रद्द केलं तर आधीची मिळेल का, तुम्ही वेटिंग लिस्टवर ठेवता का. ठेवतात. आम्ही ठेवायचो.